डी-सातचा उजेड

१

मेलं कोणीच नव्हतं. तक्रार वेगळीच होती.

"सुधाताई, ज्यांना औषध दिलं त्यातले सहा उंदीर आतून पोखरलेत," डॉ. सुदर्शन पाठारे फोनवर म्हणाले, "आणि ज्यांना नुसतं पाणी दिलं त्यातले सहा ठणठणीत आहेत. कुणीतरी लबाडी केलीय. तुम्ही ताबडतोब या."

मी तेव्हा घोलवडच्या आमच्या वाडीत चिकूची प्रतवारी करत बसले होते. तीस वर्षं तलासरी तालुक्यात गुरांची सरकारी डॉक्टर होते मी. निवृत्तीनंतर लोक देवदर्शनाला जातात, मी उंदरांच्या समितीवर गेले. जनावरांवर प्रयोग करणाऱ्या संस्थेला आपल्या समितीवर एक बाहेरचा माणूस घ्यावाच लागतो. त्यांना बहुधा गप्प बसणारं कोणीतरी हवं होतं. त्यांचा अंदाज चुकला.

स्कूटर काढली आणि डहाणूमार्गे कैनाड गाठलं. गावाबाहेर फळांचं एक जुनं शीतगोदाम आहे, त्याचीच प्रयोगशाळा केली आहे. आत जठराच्या कॅन्सरवर काम चालतं. पाठाऱ्यांनी सात वर्षं या कामाला दिली आहेत. माणूस हुशार आहे, फक्त आपण चुकू शकतो हे त्याला कुणी सांगितलेलं नाही.

"चाळीस उंदीर आहेत," ते म्हणाले. "दहा पिंजरे, प्रत्येकात चार. चिठ्ठ्या टाकून प्रत्येक पिंजऱ्यातल्या दोघांना औषध, दोघांना पाणी. कोणाला काय ते बंद पाकिटात. पाकीट आज सकाळी फोडलं. अठ्ठावीस उंदीर अगदी बरोबर आहेत, बारा साफ उलटे."

"औषध लागू पडत नसेल."

"मग सगळीकडेच पडलं नसतं ना! चार पिंजऱ्यांत काडीचीही चूक नाही. परवा मुंबईच्या रुग्णालयाचे लोक येतायत. त्यांना हे दिसलं की प्रयोग बंद. चाळीसच्या चाळीस उंदीर कायमचे झोपवायचे आणि डी-सातच्या पेशी गोठवून कपाटात टाकायच्या."

"डी-सात म्हणजे?"

"ज्या पेशंटची गाठ या उंदरांत वाढतेय, त्याचा नंबर." त्यांनी एक टाइप केलेला कागद माझ्यापुढे सरकवला. "आणि हे कोणी केलं ते मला ठाऊक आहे. तुमची फक्त सही हवीय."

उंदरांची देखभाल करणाऱ्या लहान्या वरठाला कामावरून काढल्याचं ते पत्र होतं. खाली पोलीस तक्रारीचाही उल्लेख होता.

मी पेन बंद केलं. "सही उद्या बघू. आधी उंदीर दाखवा."

२

रुचिता चुरी ही तिथली संशोधक. डहाणूच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढलेली, तिशीतली, बोलायला तरतरीत. तिने मला झगा, टोपी, मास्क चढवले आणि आत नेलं.

या उंदरांना केस नसतात. गुलाबी, सुरकुतलेले, नुकत्याच जन्मलेल्या पिल्लासारखे दिसतात ते. बाहेरचं काहीही अंगाला चिकटलं तर त्याच्याशी लढण्याची ताकद त्यांच्यात जवळपास नसते. म्हणूनच माणसाची गाठ त्यांच्या अंगात रुजते.

"बाई, जठराचा कॅन्सर जठरातच राहिला तर सर्जन कापून काढतो," रुचिता म्हणाली. "माणूस जातो तो पसरल्यामुळे. यकृतात, पोटाच्या पडद्यावर. पण काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशी पसरून दाखवत नाहीत. बशीला कुठे यकृत असतं? उंदराच्या कातडीखाली गाठ लावली तर ती फुगते, पण बहुतेक वेळा जागची हलत नाही. म्हणून आम्ही ती थेट त्याच्या जठराच्या भिंतीवर शिवतो. मग ती माणसात जशी वागते तशी वागायला लागते."

"आणि पसरली हे कळतं कसं? पोट फाडून?"

ती हसली. "काजव्यामुळे."

मला वाटलं, पोरगी माझी मस्करी करतेय. ती मुळीच करत नव्हती. काजवा ज्या जनुकामुळे चमकतो ते तिने या पेशींत घातलं होतं. वरून एक द्रव्य टोचलं की अंगात त्या जिथे जिथे असतील तिथे तिथे उजळतात. आपल्या डोळ्यांना दिसत नाही, पण अंधाऱ्या पेटीतल्या कॅमेऱ्याला दिसतं.

तिने एका उंदराला भूल दिली, पेटीत उताणं निजवलं, पंजे अलगद पसरले. त्याच्या कानांकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या तक्त्याकडे. तक्त्यावर समोरून काढलेला उंदराचा तोंडवळा होता, दोन गोल कान, आणि कानांतल्या भोकांशेजारी आकडे. "उजवा कान, एक नंबर," ती पुटपुटली आणि वहीत लिहिलं. एका कानाला भोक तो एक, दुसऱ्या कानाला भोक तो दोन, दोन्हींना तीन, कान साफ असले तर चार. पाठारे सरांनीच सात वर्षांपूर्वी तो तक्ता काढला होता, असं तिने सांगितलं.

मग तिने दार लावलं आणि पडद्यावर चित्र उमटलं.

गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून मी शेकडो वासरं ओढली आहेत. पोटाच्या आतलं मला आता काही नवल उरलं नाही, असं मी समजत होते. पडद्यावर उंदराची करडी आकृती होती आणि तिच्या पोटात एक ठिणगी पेटली होती. तिथून वर, यकृतात, आणखी तीन ठिपके. एक मोठा, दोन बारीक. एका माणसाचं दुखणं त्या एवढ्याशा जिवात घर सोडून निघालं होतं आणि ते वाटेत कुठे कुठे उतरलं, हे मी उघड्या डोळ्यांनी पाहत होते.  मी मास्कच्या आत चक्क देवाचं नाव घेतलं, आणि मी काही देवदेव करणारी बाई नाही.

"हा पाणीवाला असणार," मी कसंबसं म्हटलं.

"पाकीट म्हणतं, याला सहा आठवडे रोज औषध मिळालंय," रुचिता म्हणाली. 

३

मी बारा चुकार उंदरांचे नंबर वहीत उतरवून घेतले. एक ते चाळीस असे सलग क्रमांक होते. ५ आणि ६. १३ आणि १४. १७ आणि १८. २१ आणि २२. ३३ आणि ३४. ३७ आणि ३८. चोर मोठा शिस्तीचा दिसत होता. सहा पिंजऱ्यांत गेला, आणि प्रत्येक ठिकाणी दोघांनाच हात लावला.

औषध तीन जणांच्या हातांतून जात होतं. मनिष सिरिंज भरायचा, कोणाला काय ते फक्त त्यालाच माहीत; लहान्या ती उंदराला द्यायचा, रुचिता फोटो काढायची. यापूर्वी देणं आणि फोटो दोन्ही रुचिताच करायची. या वर्षी काम वाढलं म्हणून देणं लहान्याकडे आलं.

मनिष डहाणूच्या बाजारातल्या औषधवाल्याचा मुलगा. काम चोख, फक्त जीभ सैल. "मॅडम, मी सिरिंजवर नंबर टाकून ट्रेमध्ये ठेवतो. मी भरताना चुकलो असतो तर कुठेही चुकलो असतो. दोन-दोनच्या जोड्यांनी कोण चुकतं?"

ते पटण्यासारखं होतं.

"पण लहान्याचं सांगतो," तो जवळ सरकला. "औषध कडू आहे, वास येतो. कुठल्या सिरिंजमध्ये काय, ते त्याला सहज कळतं. आणि एक दिवस मी त्याला पिंजऱ्यांपुढे हात जोडून उभा पाहिला. बोलत होता हो उंदरांशी! मी सरांना सांगितलं. सरांनी जुने कागद काढले, तेव्हा भानगड कळली."

"कसली भानगड?"

"डी-सात म्हणजे सोमी वरठा, कैनाड. मॅडम, त्या उंदरांत जी गाठ आहे ना, ती लहान्याच्या आईची आहे."

४

लहान्या मागच्या आवारात पिंजरे धूत होता. पन्नाशीचा, सडपातळ, हातांना साबणाचा फेस. मला पाहून उभा राहिला. पत्राची बातमी त्याला लागली होती.

"बस रे. तुझ्या आईचं खरं का?"

"खरं, बाई." त्याने नजर चोरली नाही. "आयसचं ऑपरेशन झालं तव्हा डॉक्टरनं इचारलं, गाठीचा तुकडा ठेवू काय, दुसऱ्या कोणाला उपेग होल. आयस बोलली, ठेवा, मला काय त्याचं लोणचं घालायचं हाय? अंगठा दिला. कागदावर नंबर होता, डी-सात. चार महिन्यांत गेली ती. तुकडा काढला तव्हाच भायेर पडला होता आजार. यकृतात गेला."

"आणि इथं?"

"इथं कामाला लागलो नि पिंजऱ्यावर तोच नंबर दिसला." त्याने हातांचा फेस पुसला. "बोललो नाय. बोललो तर काढतील. मग त्यांना कोण बघंल?"

मी तीस वर्षांत बऱ्याच गोठ्यांत बरंच ऐकलं आहे. पण माणूस गेल्यावर त्याचं दुखणंच मागे उरावं, आणि मुलाने त्याला रोज खाऊपिऊ घालावं, असलं काही ऐकलं नव्हतं. 

"हात जोडून काय बोलायचास?"

तो ओशाळला. "आजाराला सांगायचो. घरातच ऱ्हा, भायेर नको जाव. एवढंच, बाई. देवाची आन, मी उंदीर नाय बदलले. कडू वास येतो मला, पण सिरिंजवर जो नंबर त्यालाच दिलं. पाणीवाल्याला देताना जिवावर यायचं. तरी दिलं."

"देतोस कसं ते दाखव."

झगा-टोपी चढवून आम्ही आत गेलो. त्याने पिंजऱ्यातून उंदीर काढून जाळीच्या झाकणावर ठेवला आणि शेपटीला दोन बोटांनी धरलं. उंदीर नखं रोवून पुढे ओढायला लागला, जू मानेवर घेतलेल्या बैलासारखा. लहान्याने मागून वाकून कान पाहिले. "उजवा कान, एक नंबर," तो म्हणाला. मग मानेची कातडी चिमटीत धरली, तोंडात बारीक नळी सरकवली आणि थेंब आत सोडला. उंदराला कळलंसुद्धा नाही. एवढा हलका हात मी आमच्या खात्यात पाहिला नव्हता.

"नंबर कोणी शिकवले?"

"पाठारे सरांनी. तोंडी सांगितलं, उजवा कान एक, डावा कान दोन. तक्ता तिकडं अंधाऱ्या खोलीत हाय, तिथं मी नाय जात."

माझ्या डोक्यात काहीतरी ठुसठुसायला लागलं, पण नेमकं काय ते काही हाताला लागेना. फाटकापाशी गाडी थांबल्याचा आवाज आला. पाठारे खिडकीतून वाकून पाहत होते. पोलिसांना सांगायला उद्याची वाट पाहणार नाही, असं त्यांनी सकाळीच बजावलं होतं.

५

पण ती गाडी पोलिसांची नव्हती; निघाली लडक्याची, पेंढ्याने भरलेली बैलगाडी. लडक्या कैनाडचाच शेतकरी. प्रयोगशाळेत मी आल्याचं त्याला कळलं होतं. त्याच्या लेखी मी अजून गुरांचीच बाई आहे.

"बाई, बैलाला जू लागून खांदा सोललाय. जरा बघा."

माझ्या स्कूटरच्या डिकीत औषधाचा फवारा कायम असतो. मी एव्हाना बाहेर येऊन चहा पीत पायरीवर बसले होते, उठायचा कंटाळा आला. "मनिष, जा रे, मार दोन फवारे. लडक्या, कुठल्या खांद्याला?"

"उजव्या."

मनिष बैलाच्या तोंडासमोर जाऊन उभा राहिला आणि आपल्या उजव्या हाताच्या बाजूला धडाधड फवारे मारले. बैलाने तुच्छतेने मान हलवली. लडक्या पोट धरून हसायला लागला.

"अरे सायेब, उजवा बैलाचा! तुमचा नाय! त्याच्या मागं उभं ऱ्हा, म्हंजे तुमचा नि त्याचा उजवा एकच होल. जनावराला मागून वळखायचं, नायतर नांगर उलटा चालंल."

माझा चहा सांडला.

मी वही उघडली. ५ आणि ६, १३ आणि १४, १७ आणि १८. प्रत्येक पिंजऱ्यात चार उंदीर. म्हणजे पाचवा हा दुसऱ्या पिंजऱ्यातला पहिला, सहावा हा त्यातला दुसरा. तेरावा, चौथ्या पिंजऱ्यातला पहिला. मी शेवटपर्यंत मोजलं. बाराच्या बारा उंदीर एकाच कानाला भोक असलेले निघाले. दोन्ही कानांना भोक असलेला एकही चुकला नव्हता. कान साफ असलेला एकही चुकला नव्हता.

असा चोर जगात असूच शकत नाही. मी तशीच आत धावले.

६

"पिंजरा सहा," मी सगळ्यांना जमवून म्हटलं. "लहान्या, तू बाहेर थांब. रुचिता, यातला एक नंबरचा उंदीर काढ, तुझ्या नेहमीच्या पद्धतीने."

रुचिताने उंदीर उचलला, हातावर उताणा धरला, कान पाहिले. "हा." मी त्याच्या शेपटीवर शाईचा ठिपका दिला आणि परत सोडला. रुचिताला बाहेर पाठवून लहान्याला आत घेतलं. त्याने उंदीर झाकणावर ठेवला, शेपटी धरली, मागून वाकला. "हा, बाई."

त्याच्या हातातल्या उंदराच्या शेपटीवर ठिपका नव्हता.

 पाठाऱ्यांनी दोन्ही उंदरांकडे पाहिलं, मग पुन्हा पाहिलं.

"दोघंही बरोबर आहेत," मी म्हटलं. "रुचिता उंदराला समोरून बघते, कारण तक्ता समोरून काढलाय. तिचा उजवा तो उंदराचा डावा. लहान्या शेतकरी आहे. जनावराकडे मागून बघायचं हे त्याला जोतावर शिकवलंय. त्याचा उजवा तोच उंदराचा उजवा. सहा आठवडे एकाचं औषध दोनला आणि दोनचं एकला गेलं. तीन आणि चार नंबरचे कसे चुकतील? दोन्ही कानांना भोक असलं किंवा नसलंच, तर पुढून बघा की मागून, सारखंच."

"आणि चार पिंजरे बरोबर आले ते?" मनिषने विचारलं.

"तिथं चिठ्ठीत एक आणि दोनचं नशीब सारखंच निघालं असणार. दोघांना औषध, नाहीतर दोघांना पाणी. अदलाबदल झाली तरी कळणार कसं? आणि मागच्या वर्षांत घोळ झाला नाही, कारण तेव्हा देणारी आणि बघणारी रुचिता एकटीच होती."

मनिषने पाकिटातला कागद पाहिला आणि मान हलवली. तसंच होतं.

"सर, तक्ता कोणी काढला?" मी विचारलं. "आणि लहान्याला तोंडी कोणी शिकवलं?"

  चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालो होतो, आणि चोर मुळात नव्हताच. होता तो एक बिनशेपटीचा उंदीर, भिंतीवर काढलेला.

"हे तर्काने झालं," पाठारे अखेर हळूच म्हणाले. "पुरावा हवा. औषध रक्तात आठवडाभर राहतं. बाराही उंदरांचा एकेक थेंब घेतो."

माणूस हट्टी, पण शास्त्रज्ञ खरा. दुसऱ्या दिवशी दुपारी निकाल आला. ज्या सहांना औषध मिळालं म्हणून कागद सांगत होता त्यांच्या रक्तात काही नव्हतं. ज्यांना पाणी, त्यांच्या रक्तात औषध होतं. बारा उंदीर आपापल्या जागी गेले आणि चाळीसांचा निकाल नव्याने मांडला गेला.

पाठाऱ्यांनी तो कागद दोनदा वाचला. औषध मिळालेले वीस उंदीर. विसांच्याही यकृतात अंधार. पाणी मिळालेले वीस. विसांच्याही यकृतात ठिपके. सात वर्षांत असा कागद त्यांनी पाहिला नव्हता. 

"उंदीर म्हणजे माणूस नव्हे," ते स्वतःलाच बजावल्यासारखे म्हणाले. "वेगळ्या पेशंटच्या गाठी, मोठी जनावरं, मग माणसं. दहा वर्षं लागतील. कदाचित काहीच निघणार नाही." मग त्यांनी टेबलावरचं पत्र उचललं, चार तुकडे केले आणि लहान्यापुढे जाऊन उभे राहिले. "वरठा, माझं चुकलं. उद्या मुंबईच्या लोकांना हे सगळं मी स्वतः सांगणार आहे, माझ्या तक्त्यासकट."

 लहान्याने टेबलावर आणून ठेवलेला तो भिंतीवरचा तक्ता उचलून त्यांच्या हातात दिला. "सर, नवा काढाल तव्हा शेपूट काढा. म्हंजे मागून बघायचं ते कोणालाबी कळंल."

रुचिता म्हणाली, "लहान्याकाका, तुम्ही चित्रं कधी पाहिलीच नाहीत ना? या."

अंधाऱ्या खोलीत लहान्या पहिल्यांदाच शिरत होता. दारात त्याने चप्पल नसलेले पाय उगाच पुसले. रुचिताने पडद्यावर दोन उंदीर शेजारी शेजारी लावले. डावीकडे पाणीवाला. जठरात ठिणगी, यकृतभर ठिपके. लहान्याने लगेच नजर वळवली. ते चित्र त्याला नवीन नव्हतं. चार महिने त्याने ते खाटेवर पाहिलं होतं.

उजवीकडे औषधवाला. जठरात तेवढा एक ठिपका, स्वच्छ, एकटा. भोवती सगळा अंधार.

"हा आयसचा?" त्याने विचारलं.

"तिच्या आजाराचा," रुचिता म्हणाली.

तो पडद्याजवळ गेला. बोट लावलं नाही, नुसतं जवळ नेलं. ठिपक्यापासून यकृतापर्यंतची ती दोन बोटांची वाट त्याने हवेतल्या हवेत आखली. त्या वाटेवर काहीच नव्हतं. मी इतक्या जन्मलेल्या आणि मेलेल्या जिवांपाशी उभी राहिलेली बाई, पण त्या दोन बोटांच्या काळ्या जागेपुढे मला बसावंसं वाटलं आणि मी बसलेही.

लहान्याने हात जोडले. रोजचं ते वाक्य त्याच्या ओठांवर आलं असावं, पण तो म्हणाला नाही.  मग माझ्याकडे वळला, तेव्हा त्याचं तोंड ओलं होतं.

"ऐकलंन, बाई," तो म्हणाला. "घरातच ऱ्हायला."